पडू दिली नाही

फोरमननं फाइल उघडून डॉक्टरीणबाईंपुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. 'फिट येतात. कटिंग मशीनवर ठेवू नये.'

"हे बघा. उगाच नाही हलवली हिला."

दाराशी उभ्या असलेल्या बाईला छापखान्यात सगळे कटरबाई म्हणत. अकरा वर्षं कागदाच्या रिमांमागून रिमं तिच्या हाताखालून सुतासारखी सरळ कापली गेली होती. तिच्या नखालाही कधी धक्का लागला नव्हता. गेल्या महिन्यात कामगारांच्या तपासणीत रक्त काढताना ती बेशुद्ध झाली आणि दुसऱ्या दिवशी मशीन दुसऱ्याकडे गेलं. आता ती कोपऱ्यात फॉर्म दुमडत बसे. शेजारी पाकिटं चिकटवणारी मावशी म्हणाली होती, "एवढं मोठं पातं चालवतेस, आणि बोटभर सुईला भ्यालीस होय गं?" ते तिनं हसण्यावारी नेलं. ही ओळ मात्र गिळता येत नव्हती.

"मोठ्या दवाखान्यात यांचं सगळं तपासून घेतलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फिटचा आजार नाही. रक्ताची भीती आहे."

"भीतीनं माणूस पळतो, बाई. पडत नाही."

"एरवी पळतो. समोर कुत्रा आला की छाती धडधडतच राहते. रक्त दिसलं की काही जणांची आधी धडधडते, मग एकदम मंदावते. रक्त पायांत उतरतं, डोक्याला कमी पडतं, माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे जातं आणि मिनिटभरात डोळे उघडतात. मन कच्चं असण्याचा यात संबंध नाही."

"मग हातपाय का झाडले हिनं? मी डोळ्यांनी पाहिलंय." फोरमन खुर्चीत पुढे सरकला. "मीच तर होतो तिथं. हिनं मान टाकली, तशी मागून दोन्ही खांदे धरले आणि खुर्चीत ताठ बसवून ठेवली. चांगली दोन मिनिटं. पडू दिली नाही."

पाहुण्याला घरातली बक्षिसं दाखवावीत, तसं त्यानं ते सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणूनच झाडले," त्या म्हणाल्या. "डोकं वरच राहिलं, रक्त पोचेना. जमिनीवर आडवं केलं असतं, तर बहुधा झटके आलेच नसते."

कटरबाईनं आपले हात पाहिले. महिनाभर तिला या हातांची लाज वाटत होती. घरी भाजी चिरायला बसली की लेक हळूच सुरी काढून घ्यायची, "राहू दे आई, मी करते." आणि तीही देऊन टाकायची.

"मी काय वाईटासाठी धरलं का?" फोरमन पुटपुटला.

"नाही," कटरबाई म्हणाली. "पण लिहिलंत माझ्या नावावर."

"बरं, बघतो. वर विचारावं लागेल."

"लिहिताना विचारलं होतं?"

त्यानं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या पाहतच होत्या. मग खिशातून पेन काढून त्यानं त्या ओळीवरून एक बारीक रेघ ओढली आणि फाइल मिटायला घेतली.

कटरबाई टेबलापाशी आली. वाकून तिनं पानावर नजर टाकली.

"अजून वाचता येतंय," ती म्हणाली.