थेंबातला एकुलता एक स्फटिक

सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या मधोमध एकच स्फटिक चमकत होता आणि ताई श्वाससुद्धा जपून घेत होती. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. एका रानटी झुडपाच्या पानात कडू विष तयार करणारं एन्झाइम तिने वर्षभर खपून वेगळं केलं होतं. त्याच्या पोटातल्या खाचेत दोन साधे रेणू शिरतात आणि जोडले जाऊन विष होऊन बाहेर पडतात. ती खाच नेमकी कशी आहे हे पाहायचं, तर एन्झाइमचा अख्खा स्फटिक एक्स-रेखाली धरायला हवा. ढीगभर थेंब वाया गेले, तेव्हा कुठे हा एक जमला होता.

"थेंबातल्या मिठाचाच निघाला तर?" मागून सर म्हणाले. "मागच्या वेळी तू एक्स-रेला मीठ घेऊन गेलीस आणि चारचौघांत माझं नाक कापलं गेलं. सुईने टोचून बघ. मीठ असेल तर कट्कन तुटेल, एन्झाइम असेल तर लोण्यासारखं दबेल."

"सर, हा एकच आहे हो."

"मला खात्री हवी. टोच म्हणतो ना!"

ताईने दातओठ खाल्ले. देवा, मीठच निघू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच मनात म्हणत तिने सुई टेकवली.

आवाज आला नाही. स्फटिक मुकाट्याने दबला आणि त्याचा लगदा थेंबभर पसरला.

"अरे वा, एन्झाइमच की!" सरांनी टाळी वाजवली. "चल, आत्ताच्या आत्ता एक्स-रेला नेऊ!"

ताईने ती ओली सुई त्यांच्या नाकासमोर धरली.

"घ्या. न्या."