शपथेतलं नाव

चुनीलाल पाटलाला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. एक आमदारकी आणि दुसरी म्हणजे बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव. पैकी आमदारकी त्याला मिळता मिळता राहिली ती राहिलीच. नावाचं मात्र त्याने कधी सोडलं नाही.

प्रमिलाबाईचा हट्ट साधासुधा नव्हता. तिच्या मावशीने लग्नात चार बायांच्या आग्रहाखातर उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं होतं आणि त्याच साली मावसा तापीच्या पुरात वाहून गेला होता. तेव्हा पोरवयातल्या प्रमिलेने कानाला खडा लावला. तिच्या स्वतःच्या लग्नात बायांनी दार अडवलं, तर ही नवरी गोठ्यातून, म्हशींच्या मधून वाट काढत घरात शिरली. पुढे संसार झाला, पोरं झाली, पण नाव काही ओठांवर आलं नाही. पानाला चुना मागितला की ती डबी पुढे सरकवून म्हणायची, "हे ल्या तुम्हनं पांढरं." घराच्या भिंतींनासुद्धा दिवाळीला पांढरंच लागायचं.

चुनीलाल कधी लाडीगोडी लावायचा, कधी रुसायचा. एकदा तर तो केळीच्या बागेत मुद्दाम लपून बसला, की हाक मारल्याशिवाय हिला गत्यंतर नाही. प्रमिलाबाईने बांधावर उभं राहून ताट वाजवलं. भूक लागल्यावर तो आपसूक बाहेर आला.

सत्तावनची निवडणूक जवळ आली तेव्हा तिकिटासाठी दोघं अडून बसले. एक चुनीलाल आणि दुसरा शहाद्याचा कापसाचा व्यापारी नथमलशेठ. दोघं रोज एका बाकावर बसून चहा प्यायचे आणि रोज एकमेकांचे पाय ओढायचे. धुळ्याहून आलेले पुढारी समजावून समजावून थकले. शेवटी चुनीलालच्याच घरी सगळे जेवायला बसले आणि तिथेही भांडण पेटलं. वाढता वाढता प्रमिलाबाईचा संयम सुटला. तिने आमटीचं पातेलं खाली आदळलं.

"तुम्ही दोन्ही आमदार व्हवाले निंघनात! पावसायामां अडेल बाईले डोंगामां घाली तापी पार करनी पडस, ते कोनी देखं का? आठे गावमां दवाखाना कोन आनी? तुम्हना चहा?"

त्यांतल्या एका पुढाऱ्याने घास हातात धरूनच वर पाहिलं. "ह्यांनाच उभं करा," तो म्हणाला.

आणि गंमत अशी, की दोघेही ताबडतोब कबूल झाले! चुनीलाल खूश, की नथमलला मिळालं नाही. नथमल खूश, की चुनीलालला मिळालं नाही. प्रमिलाबाईला कोणी विचारलंच नाही, पण दवाखान्याचं तोंडातून गेलं होतं, आता माघार कशी घेणार?

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायांची ही रांग लागली आणि लागलीच अडली. मतदान घेणारे गुरुजी विचारायचे, "नवऱ्याचं नाव?" आणि बाई पदर तोंडात कोंबून गप्प उभी राहायची. गुरुजींनी कपाळाला हात लावला. दुपारपर्यंत हीच तऱ्हा, तर बायांची मतं घरीच परत जाणार. प्रमिलाबाईने लांबूनच तोड काढून दिली. पुढच्या बाईच्या धन्याचं नाव मागच्या बाईने सांगायचं! मग काय विचारता, रांग खळाळून हसायला लागली. एकमेकींच्या नवऱ्यांची नावं बायांनी अशी ठणकावून घेतली, की झाडाखाली बसलेले नवरे लाजून चूर झाले. प्रमिलाबाई दणदणीत मतांनी निवडून आली.

नंदुरबारला गाडीत बसताना अर्धं गाव फलाटावर होतं. सुरतेवरून मुंबईला जायचं, बरोबर दशम्या, मिरचीचा ठेचा आणि केळ्यांचा एक अख्खा घड. सुरत गेल्यावर प्रमिलाबाईने शपथेचा कागद काढला आणि घोकायला सुरुवात केली.

"मी, प्रमिलाबाई... पाटील, विधानसभेची सदस्य म्हणून..."

"मधलं नाव कथा गयं?" चुनीलालने विचारलं.

"मधलं मनमां लिधं."

चुनीलालने कागद हातात घेऊन पाहिला आणि त्याच्या पोटात गुदगुल्या झाल्या. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, प्रमिलाबाई चुनीलाल पाटील. म्हणजे हिला आता घ्यावंच लागणार! जे त्याच्या मिनतवाऱ्यांना जमलं नाही ते राज्यघटना करून दाखवणार होती. मुंबई येईपर्यंत तो एकटाच हसत होता. समोरच्या बाकावरचा माणूस घाबरून दुसऱ्या डब्यात गेला.

प्रमिलाबाईला मात्र हसू येत नव्हतं. "तुम्हले काही व्हई गयं तं मी काय करू?" ती हळूच म्हणाली. "आनि शपथ लिधी नही तं दवाखाना गया. मी कथी जाऊ?"

"माले काय व्हस? मी म्हशीनागत शे," चुनीलाल म्हणाला. पण ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

विधानसभेत प्रेक्षकांच्या सज्जात चुनीलाल अगदी पुढे, कठड्याला पोट टेकवून बसला. धोतर कडक, फेटा नवा. खाली सभागृहात गुजरातपासून विदर्भापर्यंतचे आमदार. एकेक नाव पुकारलं जात होतं, आणि प्रत्येक नावासरशी तो कठड्यावरून आणखी पुढे वाकत होता. अखेर प्रमिलाबाई उठली. नऊवारी सावरत, डोक्यावर पदर घेऊन ती पुढे जाऊन उभी राहिली.

"मी, प्रमिलाबाई..."

आणि थांबली.

सभागृह थांबलं. अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ चष्म्यावरून पाहू लागले. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली.  मग तिने मान वर करून सज्जाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत चुनीलालने तिचे डोळे असे घाबरलेले कधी पाहिले नव्हते. रांगेत अडलेल्या बाया जशा मागच्या बाईकडे बघत होत्या तशी ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या काळजाचं पाणी झालं. आपण इथे कशाला आलो, काय ऐकायला आलो, सगळं तो विसरला.

"चुनीलाल!" तो सज्जातून गरजला.

"पाटील," प्रमिलाबाईने घाईघाईने पुढचं धरलं, "विधानसभेची सदस्य म्हणून..."

पण सभागृहात एकच हशा उसळला. अध्यक्षांनी घंटा वाजवली. सज्जातून ओरडायची मनाई आहे आणि सदस्यांनी आपलं नाव आपल्याच तोंडाने उच्चारायचं आहे, असं त्यांनी बजावलं. दोन पहारेकऱ्यांनी चुनीलालच्या दंडाला धरलं.

"भाऊ, जराखं थांबा! आते ती नाव लेनार शे! तेवढं ऐकू द्या!" तो गयावया करत होता. पहारेकरी कुठले ऐकायला. दार बंद झालं.

दाराबाहेर चुनीलाल कान लावून उभा राहिला. जाड दारातून शब्द काही कळेना. मग आतून बाकं वाजवल्याचा असा कडकडाट झाला, की दारसुद्धा हादरलं. झालं! घेतलं तिने नाव! साऱ्या राज्याच्या आमदारांनी ऐकलं आणि ज्याचं होतं तो तेवढा बाहेर.

नंतर तो व्हरांड्यात भेटेल त्याला धरून विचारत सुटला. एक अहमदाबादचा आमदार म्हणाला, "बहु सरस बोल्यां बेन." एक नागपूरकडचा म्हणाला, "बाईंनी डोळे मिटून घेतलं, पण खणखणीत घेतलं बरं का." चुनीलालला रडावं की हसावं कळेना.

परतीच्या गाडीत त्याने हात जोडले. "आखो एकदाव. फक्त मन्हा करता."

"शपथमां लेवानं व्हतं, लिधं," प्रमिलाबाई म्हणाली. "आते पाच वरीस नाव काढू नका."

त्यानंतर तिने त्याला जपलं म्हणजे काय, तान्ह्या पोराला कोणी जपणार नाही असं. विहिरीकडे जायचं नाही. तापीत पोहायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दूध-तूप. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या महादेवाला दर सोमवारी त्याच्या नावाने, पण नाव न घेता, अभिषेक. चुनीलाल वाळायच्या ऐवजी दिवसेंदिवस फुगत गेला. इकडे ती मुंबईत जाऊन मंत्र्यांच्या दारात बसायची आणि दवाखान्याचा विषय काढायची. तिला येताना पाहून कारकून फायली उचलून पळायचे म्हणतात. पण तापीच्या अलीकडे दवाखाना झाला, नर्स आली, आणि अडलेल्या बायांचं डोंग्यात, त्या डुगडुगत्या होडीत, बसणं संपलं.

बासष्टची निवडणूक आली आणि चुनीलालच्या अंगात नुसतं वारं संचारलं. पुन्हा निवडून येणं म्हणजे पुन्हा शपथ, आणि पुन्हा शपथ म्हणजे पुन्हा नाव! ह्या खेपेला सज्जात बसून तोंडात रुमाल कोंबायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पार रनाळे गावापर्यंत तो बैलगाडीने, सायकलने, पायी फिरला. त्याच्या चपला झिजल्या, घसा बसला. विरोधात नथमलशेठ उभा होता. तो थक्क होऊन म्हणाला, "चुनीभाई, सोतासाठी बी तू इतला फिरना नही व्हता!"

चुनीलालने त्याला खरं कारण सांगितलं नाही. शत्रूला असल्या गोष्टी सांगत नाहीत.

आणि नथमल निवडून आला. थोड्या मतांनी का होईना, आला. या वेळी प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या पेटीत मत टाकायच्या ऐवजी कागदावर शिक्का मारायचा होता, कुठे काय चुकलं देव जाणे.

निकालाच्या दुपारी चुनीलालच्या ओट्यावर कार्यकर्ते तोंड पाडून बसले होते. नथमलशेठ गळ्यातला हार तसाच ठेवून मित्राला भेटायला आला. चुनीलाल खांबाला टेकून बसला होता, आणि त्याचं दुःख पाहून नथमललाच वाईट वाटलं. आमदारकी बायकोची गेली, पण हा असा बसला होता जणू घरातलं माणूस गेलं.

प्रमिलाबाई दारात आली. तिचा चेहरा उतरलेला नव्हता, उलट मोकळा दिसत होता. दवाखाना उभा होता, नवरा जिवंत होता आणि चांगला जाडजूड होता. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांदेखत, डोळे न मिटता म्हणाली,

"चुनीलाल, उठा. ताट वाढेल शे."

 नथमलशेठचा हात हारावरच राहिला. चुनीलालने ऐकलं होतं. पायाच्या नखापर्यंत ऐकलं होतं. तरी त्याने लबाडासारखा कानामागे हात नेला.

"काय म्हनी? ऐकू नही उनं."

"समदं ऐकू उनं तुम्हले," ती म्हणाली आणि आत वळली. उंबऱ्यात तिचा पाय थांबला. मागे न बघता, नेहमीच्या आवाजात तिने पुन्हा हाक मारली.

"चुनीलाल."

चुनीलालने डोळे पुसले, नथमलशेठचा हात धरला आणि त्यालाही आत जेवायला घेऊन गेला.