पर्यावरण दिनाची फीत

"फीत प्लास्टिकची नको," जिल्हा कार्यालयाचे हर्यादी साहेब वर्गात म्हणाले, आणि प्लास्टिकच्या पेल्यातलं पाणी संपवून त्यांनी पेला खिडकीबाहेर टाकला. "पर्यावरण दिन आहे. काहीतरी इथलं पाहिजे. संस्कृती वगैरे."

नेला बाईंनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर कचऱ्याचाच धडा चालू होता. एका मुलीने मुकाट्याने बाहेर जाऊन पेला उचलून आणला आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी तिला शाबासकी दिली.

"मी फोटोत बघितलंय," साहेब पुढे म्हणाले. "नारळाची कोवळी पानं विणून दोन खांबांना बांधतात. छान दिसतं."

"हावेअर?" बाईंनी विचारलं.

"हां, तेच! नव्या धक्क्याच्या तोंडाशी बांधा. मोठे साहेब येऊन कापतील."

आमच्या बेटावर हावेअर बांधलं की ती जागा बंद. बाग असो, खडकावरची शिंपली असोत, पूर्वजांच्या नावाने बंद. सोडवायचं ते जमिनीच्या राखणदाराने, म्हणजे बोनेफास आजोबांनी, विधी करून. कापणारा एक माणूस पूर्वी होऊन गेला म्हणतात, पण त्याच्याविषयी जेवताना बोलत नाहीत.

आणि धक्का तर वाळू कंपनीचा. पश्चिम किनाऱ्याची वाळू भरून न्यायची म्हणून बांधलेला. हिरवा रंग फासला, म्हणून 'हरित धक्का'. त्या वाळूच्या मागे आमची एकुलती एक गोड विहीर. कंपनीने नमुन्यादाखल थोडी वाळू उपसली तेव्हापासून बाई दर शनिवारी मुलांना विहिरीचं पाणी चाखायला लावत होत्या, आणि दर शनिवारी ते थोडं जास्त खारट लागत होतं. गावाने तक्रार केली. जिल्ह्याहून उत्तर आलं, मीठ शरीराला आवश्यक असतं.

"साहेब, नक्की हावेअरच ना?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"नक्की."

"ते नुसतं बांधत नाहीत. बोनेफास आजोबांना बोलवावं लागतं. प्रार्थना असते."

"उत्तम! पत्रिकेत घाला. पाच मिनिटं."

"सगळ्या गावाला साक्षीला बोलवावं लागतं."

"गर्दी तर पाहिजेच, बाई!"

बेटावरचा एकमेव लाउडस्पीकर माझा. लग्न असो, मयत असो, मीच. कार्यक्रमाची वेळ विचारायला गेलो होतो, म्हणून हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. साहेबांच्या मागे त्यांची पिशवी धरून कारकून कोर्नेलिस उभा होता. आमच्याच गावचा. त्याचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं.

"बोलला का नाहीस?" मी बाहेर त्याला विचारलं.

"साहेबाचं चुकतंय हे सांगायला वरची पायरी लागते, पास्का. मी पिशवीच्या पायरीवर आहे."

संध्याकाळी बाईंच्या अंगणात गेलो. मुलं पानं विणून घरी गेली होती. बाई शेवटची गाठ घालत होत्या. ती सारखी सुटत होती. माझ्या वयाच्या सगळ्यांना वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि अजून त्यांची नेमणूक तात्पुरतीच होती.

"बाई, नोकरी जाईल."

"कार्यालयाने सांगितलेलं काम मी कधी टाळलंय का?"

"बाई, मस्करी नको."

"मस्करी तुझं खातं," त्या म्हणाल्या. "विहीर गेली तर गाव उठेल. मग मी शिकवायचं कुणाला, खेकड्यांना? ते टोक धर. घट्ट."

मी टोक धरलं.

पर्यावरण दिनी सकाळी बोनेफास आजोबांनी हावेअर बांधलं. पूर्वजांची नावं माझ्या माइकवरून घेतली, त्यामुळे बहुधा शेजारच्या बेटाचे पूर्वजही जागे झाले. मग पाहुणे आले. तबकात कात्री आली. हर्यादी साहेबांनी तबक कोर्नेलिसला दिलं, त्याला एकाएकी लघवी लागली. त्याने ते पोलिसाकडे सरकवलं, तर पोलिसाने दोन्ही हातांनी सलाम ठोकला. मुख्याध्यापकांना खोकला आला. शेवटी तबक हर्यादी साहेबांनी स्वतःच धरलं, मोठ्या अभिमानाने.

मोठ्या साहेबांची आई समोरच्याच बेटावरची. त्यांनी हावेअर पाहिलं. कात्रीकडे निघालेला हात खिशात गेला.

"हे कुणी बांधलं?" त्यांनी हळूच विचारलं. माइक चालूच होता.

"आम्हीच, साहेब! खास तुमच्यासाठी."

"विधी करून?"

"संपूर्ण! पाच मिनिटं ठेवली होती, पंचवीस झाली."

मोठ्या साहेबांनी मुलांच्या रांगेकडे पाहिलं. "बाई, तुम्ही?"

"कार्यालयाच्या सांगण्यावरून, साहेब," नेला बाई म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी चौफेर नजर फिरवली. मंडपाच्या कडेला हिरवी कचरापेटी होती. ते तिच्याजवळ गेले आणि त्यांनी तिचं झाकण उघडलं. मी जाहीर केलं, "मान्यवरांच्या शुभहस्ते झाकण उघडण्यात आलेले आहे." टाळ्या झाल्या. हर्यादी साहेबांनी पहिला कचरा म्हणून कार्यक्रमपत्रिका आत टाकली.

वाळू न्यायला आलेला कंपनीचा तराफा धक्क्याबाहेर उभा होता. त्याच्यावरचे खलाशी आसपासच्या बेटांचे, बंद धक्क्याला दोर टाकायला कुणी तयार होईना. कप्तानाने इंजिन बिघडल्याचं कळवलं. इंजिन नवंकोरं होतं. तराफा परत गेला. बाहेरची माणसं घेऊन तो पुन्हा येईल हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तूर्त विहीर होती. गाव आठवडाभर हसत होतं.

मग कागद आला. नेला बाईंची नेमणूक रद्द. कारण: पर्यावरण दिनाच्या कार्यात अडथळा.

मला हसू आलं, ते अर्ध्यात अडकलं, आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते लाउडस्पीकरवर बोलता येत नाही. गाव जिल्ह्याला गेलं. हर्यादी साहेब भेटले नाहीत, त्यांना बढती मिळाली होती.

"चौकशी झाली रे," कोर्नेलिस मान खाली घालून म्हणाला. "वरच्याने खालच्यावर ढकललं, त्याने त्याच्या खालच्यावर. बाईंच्या खाली कोणी नव्हतंच."

नवी बाई आली ती ओहोटीला. दिआह नाव, लांबून आलेली, अगदी पोर. धक्का सगळ्यांनाच बंद, तेव्हा नावाड्याने खडकाच्या कडेला इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "इथून चालत." ती एका हातात बूट आणि दुसऱ्या हाताने पुस्तकांची पेटी धरून पाण्यात उतरली आणि तिथेच उभी राहिली. किनाऱ्यावर सगळं गाव होतं. कोणी हललं नाही. राग कुणावर तरी काढायचा होता, आणि हर्यादी साहेबांपेक्षा ही जवळ होती.

"काय, भिजलीस?" मागून कोणी तरी ओरडलं. चारजण हसले. मीही हसलो.

नेला बाई कुणाकडे न बघता पाण्यात शिरल्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी पेटी डोक्यावर घेतली.

"पाय उचलून टाकू नका," त्या म्हणाल्या. "सरकवत आणा. वाळूत काटेमासे दडलेले असतात, सरकवलं की आपणच बाजूला होतात."

"असं?"

"असं. आणि त्या पांढऱ्या प्रवाळावर नको. ते जिवंत आहे. मुलांना विचारा, ती सांगतील."

"तुम्ही इथल्या कोण?"

"मी इथेच राहते."

दोघी पाय सरकवत, हळूहळू आल्या. पाणी गुडघ्याखाली गेलं तशी मुलांना राहवेना. ती एका सुरात ओरडली, "नमस्ते, बाई!"

नव्या बाईने हसून हात वर केला. नेला बाईंनी पेटी कोरड्या वाळूवर टेकवली, आणि खाली वाकून आपल्या झग्याची कड पिळत राहिल्या. पाणी निथळून गेल्यावरही पिळत राहिल्या.