बारा बायकांचा हाव

“समोरून हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही, मालती,” आई सांगायची. “ऐकणारीनं ‘हाव’ म्हणायचं. नाहीतर कहाणी भिंतीला सांगितल्यासारखी होते.”

सोजरबाईनं छापील कागद माझ्या ओट्यावर पसरला, तेव्हा आईचं ते बोलणं मला पहिल्यांदा बोचलं. ती देडतलाईच्या पुढल्या खेड्यातून, माझ्या माहेरून, सकाळच्या मोटारीनं आली होती.

“वाच व माय. कंपनीचा मानूस गावोगाव वाटू रायला. यात आमची नावं हायेत म्हन्ते.”

मी वाचलं. ‘माताभगिनींचा एकमुखी होकार. चुनखडीची खाण हवीच!’ खाली बारा नावं. पहिलं तिचंच.

“होकार? कवा दिला आमी?”

दिलाच नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर राज्यं नव्यानं आखली गेली; नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीचे कागद नागपूरऐवजी भोपाळहून, हिंदीत येऊ लागले आणि ह्यांची मराठी कारकुनाची जागा गेली. मग हे खाण कंपनीत लागले. साहेबांनी काम दिलं, लोकांचा आवाज गोळा करा. माझ्या माहेरच्या बायका ह्यांच्यासमोर तोंड उघडेनात. आई गेल्यापासून तिथली मार्गशीर्षातल्या गुरुवारची कहाणी मीच सांगते. हे म्हणाले, “कहाणी झाली की हे एवढं पान वाच. बाकी मी बघतो.”

मी वाचलं. सवयीनं दर वाक्याला थांबत गेले.

गावाला रस्ता होईल. “हाव.” पोरांना काम मिळेल. “हाव.” टेकडी कंपनीच्या ताब्यात जाईल. “हाव.” बायकांच्या मुठीत कहाणीच्या अक्षता तशाच होत्या. मागे बसून हे लिहीत होते.

“टेकडीखाली झिरा हाय,” सोजरबाई म्हणाली. “उन्हाळ्यात सारं गाव त्याचंच पानी पेतं. तो मी देईन का? हाव म्हंजे ऐकू रायली, सांग पुढं. घेऊन जा म्हनून नाही. माझा बुढा चाळीस वर्सं बोलला, मी हाव म्हनत गेली. त्याचं एक तरी केलं का मी?”

मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले.

“मला ठाऊक आहे, मावशी.”

“ठाऊक हाय, तरी हावसाठी थांबली तू.”

मी कागदाची घडी घालत राहिले. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला.

“गुरुवारी ये. आता आमी सांगू, तू हाव म्हन. अन् लिवून घे.”

“येईन.”

“तुळशीकडं पाहून सांग.”

मी तुळशीकडे पाहून सांगितलं.

संध्याकाळी हे तसलाच कागद घेऊन आले. किती दिवसांनी पायऱ्या भरभर चढले होते.

“साहेब खूश आहेत. गुरुवारी बऱ्हाणपुरात सभा आहे, अधिकारी येणार आहेत. तू उभं राहून एवढंच सांगायचंस, बायकांनी माझ्यासमोर होकार दिला. नऊला जीप येईल.”

“तो होकार नव्हता हो. हुंकार होता.”

“एका अक्षराचा तर फरक!”

ह्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि तिच्याकडेच बघत म्हणाले, “मालती, हिंदी लिहिणारे त्यांना दहा मिळतील. माझ्यापाशी तू सोडून त्यांच्या उपयोगाचं काय आहे?”

ह्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. एवढे बारीक कधी झाले, मला कळलंच नव्हतं. नाही म्हटलं तर ही जागा जाणार. हो म्हटलं तर झिरा.

“हाव,” मी म्हटलं.

हे निर्धास्त जेवले.

गुरुवारी उजाडायच्या आत मी कलश मांडला, पूजा केली. ह्यांची भाकरी फडक्यात बांधून ठेवली, भाजी झाकली. पिशवीत अक्षतांची पुडी घातली, कोरे कागद घातले. पेन्सिल ह्यांच्या कोटाच्या खिशात होती. ती काढून घेतली. झोपेत हे कुशीवर वळले. मी उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला आणि दार हलकेच लोटलं.

मोटार उभीच होती. कंडक्टर काच पुसत होता.

“देडतलाई जाओगी, बाई?”

“हो,” मी म्हणाले.