कोरडी घोडी

हुनिदने मडकं तिरकं केलं आणि विल्किनच्या पायांपुढे मातीत पाण्याची धार धरली. उन्हाने भेगाळलेल्या मातीने ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. विल्किन कोरड्या ओठांनी त्या ओल्या डागाकडे पाहत राहिला.

"मी पाणी मागितला होता," तो म्हणाला.

"दिलं की. आमच्या जमिनीला. तीही तहानलेली होती."

कापणाऱ्यांच्या रांगेतून खसखस पिकली. गेनेरिस आत्याने हसता हसता कपाळाचा घाम पुसला आणि भाचीला दटावलं, "पाप लागेल गं. इंग्रज झाला तरी घसा सगळ्यांचा सारखाच."

"लागू दे."

विल्किन निमूटपणे बांधावर जाऊन बसला. नुकती मिसरूड फुटलेलं पोर ते. कान इतके पुढे आलेले की शिरस्त्राण डोक्यावर न राहता त्यांच्यावरच टेकलेलं असे. युद्ध हरल्यापासून वेल्सच्या या खोऱ्यातलं सगळं लोखंड नदीच्या मुखाशी उभ्या राहणाऱ्या नव्या किल्ल्यात जमा झालं होतं. विळेसुद्धा. विळ्याने ओटचं पीक कापतात तशी मानही कापता येते, असं किल्लेदाराचं म्हणणं. म्हणून रोज सकाळी एक शिपाई गोणीतून विळे घेऊन येई, माणशी एक वाटे, दिवसभर बांधावर पहारा देई आणि संध्याकाळी विळे गोळा करून परत नेई. हुनिदच्या शेतावर विल्किन आला. हेरफर्डकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आजी सरहद्दीच्या अलीकडची, त्यामुळे तोडकीमोडकी वेल्श त्याच्या जिभेवर होती. व्याकरण मात्र आजीबरोबरच गेलं होतं.

या पोराने स्वतः कुणाला मारलं नसेल, हे हुनिदला कळत होतं. पण तिचे वडील युद्धात नदीच्या उतारावर पडले ते याच अंगरख्याच्या माणसांपुढे. तेव्हा पाणी नाही म्हणजे नाही.

शेतकऱ्याच्या पोराला काही स्वस्थ बसवेना. तो पहिला दिवस आणि दुसरा त्याने कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवसापासून तो पेंढ्या बांधू लागला. त्याने बांधलेली पेंढी हुनिद सोडायची आणि पुन्हा स्वतः बांधायची. तिची गाठ सैल दिसली की तो गुपचूप आवळायचा. या भांडणात पेंढ्या मात्र अशा घट्ट बसल्या की आजोबा म्हणाले, उभ्या आयुष्यात इतकी देखणी सुडी पाहिली नव्हती.

आज कापणीचा शेवटचा दिवस, आणि आज हुनिदची नजर पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे जात होती. रांगेच्या टोकाला, डोक्यावरची टोपी पुढे ओढून एक उंच माणूस सपासप ओट कापत होता. पलीकडच्या खोऱ्यातला भाचा, जन्मतःच मुका, असं आत्याने सकाळीच विल्किनला सांगून टाकलं होतं. तो होता हुनिदचा भाऊ तिदिर. किल्ल्यावर जाऊन इंग्रज राजाच्या नावाने गुडघा टेकून शपथ घे म्हटल्यावर हा पठ्ठ्या डोंगरात निघून गेला होता. असा बिनशपथेचा माणूस खाली सापडला तर किल्ल्याच्या भिंतीवर टांगायचा, असा हुकूम होता. पण घरात म्हातारे आणि बायकाच उरल्या होत्या, आभाळ भरून येऊ लागलं होतं, आणि अर्धा ओट अजून उभा होता. "दादा, ये" असा निरोप हुनिदनेच धाडला होता. आज काही बरंवाईट झालं तर ते तिच्यामुळे.

तिदिर आजोबांच्या वाटणीचा विळा चालवत होता. आजोबा विल्किनशेजारी बांधावर बसून आपल्या वाटणीचं काम करत होते. म्हणजे त्याला पूर्वज सांगत होते.

"...किन्रिगचा बाप इथेल, इथेलचा बाप ग्रोनो, ग्रोनोचा बाप..."

"तो ज्याला डुक्कर मारला?"

"डुकराने मारला तो त्याचा चुलता. नीट ऐकत जा. पुन्हा पहिल्यापासून सांगतो."

विल्किनने मान डोलावली. खरं तर त्याची नजर सारखी शेताकडे वळत होती, पण पाहुण्याकडे नव्हे. शेताच्या मधोमध कापायचा राहिलेल्या ओटच्या शेवटच्या झुबक्याकडे.

सूर्य कलला तशी सगळी माणसं त्या झुबक्याभोवती जमली. हुनिदने गुडघे टेकून उभ्या ताटांच्या चार वेण्या घातल्या, त्या वर एकत्र बांधल्या, तुऱ्यांची आयाळ सोडली. ही कापणीची घोडी. आता दूर उभं राहून विळे फेकायचे. ज्याच्या विळ्याने घोडी आडवी होईल त्याने आरोळी ठोकायची, बाकीच्यांनी तिला साद द्यायची. मग घोडी कुणीतरी कपड्यांत लपवून घरी न्यायची, आणि दारात बायका पाण्याच्या बादल्या घेऊन टपलेल्या असायच्या. घोडी भिजली तर आणणाऱ्याचं पान कुत्र्यांशेजारी. कोरडी आली तर तो त्या रात्रीचा घरधनी.

हुनिदने उठता उठता भावाकडे पाहून मान हलवली. तू नाही. तिदिरने साळसूदपणे डोळे मिटले.

लंगड्या सुताराचा विळा घोडीच्या डोक्यावरून गेला. गुराख्याचा वाटेतच पडला. आत्यानेही एक फेकला, तो सुताराच्या अंगावर येता येता राहिला आणि तिथे दोघांची छोटीशी लढाई झाली. घोडी आपली डुलत उभी. विल्किन बांधावर उभा राहून टाचा उंचावत होता. आणि मग कुणी काही म्हणायच्या आत तिदिरने डाव्या हाताने, जमिनीलगत, गिरकी देत विळा सोडला. चारही वेण्या एका फटक्यात तुटल्या. घोडी अल्लाद आडवी झाली.

आणि मुका पाहुणा ओरडला.

"उभी होतीऽऽ! आडवी केलीऽऽ! धरली, धरलीऽऽ!"

आरोळी टेकडीवर आदळून परत आली. लहानपणापासून ज्या माणसाने दरवर्षी हीच घोडी पाडली आणि दोन वर्षं डोंगरात कुजबुजत काढली, त्याला ती आवरली नाही, एवढंच. ओरडून झाल्यावर तिदिरचं तोंड उघडंच राहिलं. आत्याने डोळे गच्च मिटले. या आरोळीला साद द्यायची हे तिथल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं. साद नाही मिळाली तर पुढचं वर्ष उपाशी जातं, हेही. पण एकाच्याही घशातून आवाज फुटेना.  हुनिदने बांधाकडे पाहिलं.

"काय धरलाऽऽ?" बांधावरून साद आली.

विल्किन दोन्ही हात तोंडापुढे धरून, मान मागे टाकून ओरडला होता. चेहरा तर असा फुलला होता की जणू तो स्वतःच्याच गावच्या शेतात उभा होता.

तिदिरने त्याच्याकडे पाहिलं. मग आधी हळू आणि लगेच छाती भरून त्याने उत्तर दिलं, "घोडी! घोडी!"

"आमच्याकडे पण," विल्किन आजोबांना सांगू लागला, "हेरफर्डला. घोडी. अशीच. माझा बाप दोनदा..." बोलता बोलता तो थबकला. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, हुनिदच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. तो खाली बसला आणि आपल्या जोड्याचा बंद फार लक्षपूर्वक सोडून पुन्हा बांधू लागला.

"मुका आहे," मान वर न करता तो आजोबांना म्हणाला. "पण आवाज बरी आहे."

"त्याच्या आजोबांवर गेलाय," आजोबा म्हणाले.

सगळ्यात आधी आत्या भानावर आली. "बायांनो, बघत काय बसलात? पाणी!"

बायका घराकडे धावल्या. हुनिदही धावली. भीतीने धावत होती की हसू आवरत नव्हतं म्हणून, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ओहोळावर बादल्या भरल्या आणि दार अडवून त्या उभ्या राहिल्या. पहिला आला सुतार. त्याच्या अंगावर दोन बादल्या, घोडी नाही. गुराख्याला चिंब केलं, घोडी नाही. तिदिर दोन्ही हात पसरून सावकाश चालत आला. हुनिदने नेम धरून सगळी बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली. टोपी गळून पडली, तिच्या भावाचं तोंड दोन वर्षांनी उन्हात चमकलं. खांदे गदगदा हलवत, मुक्या माणसाला शोभेल असा आवाज न करता तो हसत होता. त्याच्याकडेही घोडी नव्हती.

सगळ्यांच्या मागून गोणी घेऊन विल्किन आला. बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. राजाच्या शिपायावर पाणी कोण टाकणार? त्याने उंबऱ्याशी मान लववली, आत गेला, आपल्या जाड, चिंध्या भरलेल्या अंगरख्याचे बंद सोडले आणि कोरडी ठणठणीत घोडी काढून फळीवर ठेवली.

घरात एकच कल्ला उठला. सुताराने नाचायला घेतलं आणि लंगडा पाय विसरल्यामुळे पडला. "अगं बाई, इंग्रज घोडी घेऊन घरात शिरला!" आत्या कपाळ बडवून घेत होती. "दारावर कोण उभं होतं?"

"हुनिद!" सगळे एका सुरात ओरडले.

हुनिदने भावाकडे पाहिलं. तो छताच्या वाशांचं निरीक्षण करत होता.

"रीत ती रीत," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपली खुर्ची रिकामी केली. विल्किन नको नको म्हणत असताना त्याला टेबलाच्या टोकाला बसवलं. ओटच्या भाकऱ्या आल्या, चीज आलं, कांद्याच्या पातीचं कालवण आलं. पहिला घास तोंडात जातोय तोच अंगणात घोड्याच्या टापा वाजल्या. ही खरी घोडी होती आणि तिच्यावरून किल्ल्याचा हवालदार उतरत होता.

"आरोळी कुणी ठोकली?" उंबऱ्यातूनच त्याने विचारलं. "किल्ल्यापर्यंत ऐकू आली. युद्धात असेच ओरडायचे हे लोक."

किल्ल्याच्या सावलीत दोन वर्षं काढल्यावर एवढं इंग्रजी गावातल्या कुत्र्यांनाही समजत असे. पण कुणीही मान वर केली नाही. हवालदाराची नजर सगळ्यांवरून फिरत ओल्या तिदिरवर थांबली.

"हा दांडगा कोण?"

"तो मुका आहे," विल्किन उभा राहत म्हणाला. "मी ओरडलो, हवालदार. कापणी संपली की आमच्या गावी ओरडतात."

"तू? या नरड्यातून?" हवालदार हसला नाही. "ओरडून दाखव."

विल्किन बाकावर चढला.  त्याने श्वास भरून घेतला आणि हुनिदच्या भाषेत, तिच्या भावाचे शब्द ओरडला.

"उभी होताऽऽ! आडवी केलाऽऽ! धरली..." आणि तिथे फुटत्या वयाचा त्याचा आवाज चिरकला. हवालदाराच्या भुवया वर गेल्या. अर्धवट आरोळी छताखाली लोंबकळत राहिली. कुणीतरी साद द्यायला हवी होती.

"काय धरलंसऽऽ?"

सगळे वळले. हुनिद उभी होती, मुठी आवळून, चेहरा लालबुंद. तिने पुन्हा ओरडून विचारलं, आता तिच्याबरोबर आत्या होती, आजोबा होते, जमिनीवर बसूनच सुतार होता. तिदिरने तोंडात अख्खी भाकरी कोंबून घेतली होती आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"घोडी! घोडी!" विल्किन ओरडला. आता मात्र आवाज चिरकला नाही. वाशांवरची काजळी खाली कालवणात पडली.

हवालदाराने कानांवर हात ठेवले. "वेडे आहेत सगळे. आणि तू त्यांच्यात मुकुटमणी." त्याने गोणीतले विळे तपासले, ते बरोबर भरले, गोणी घोड्यावर टाकली. "अंधार पडायच्या आत हजर हो. आणि पुन्हा ओरडायचं असेल तर पुढच्या वर्षी."

टापा लांब गेल्या. मग आजोबांना पहिल्यांदा हसू फुटलं, आणि पाठोपाठ सगळ्यांना. तिदिरने भाकरी गिळली आणि मुकेपणाची हौस फिटल्यासारखा पोट भरून बोलू लागला.

"उद्या दुसरा शिपाई. पेंढ्या मोजायला," विल्किन त्याला म्हणाला. "तो वाईट. मळणीला पुन्हा मी."

"मळणीला पुन्हा मुका येईल," तिदिर म्हणाला.

हुनिद उठली. दाराशी एक भरलेली बादली तशीच राहिली होती, विल्किन शिपाई म्हणून कुणी रिकामी न केलेली. बादली उचलून ती टेबलाच्या टोकापर्यंत गेली. विल्किनने तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि घास बाजूला ठेवून डोळे मिटून घेतले. तिने सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. त्याच्या दोन्ही कानांवरून धारा लागल्या.

"हे रीतीचं झालं," हुनिद म्हणाली आणि मडकं घेऊन ओहोळाकडे वळली. "थांब, प्यायचं आणते."