नख झाकणार नाही

मांडवीतल्या नागवेकरांच्या घरात त्या सकाळी पडदे धुवायला निघाले होते. मालन स्टुलावर चढून एकेक पडदा उतरवत होती आणि तिची नणंद सीता खाली उभी राहून ते बादलीत भिजत घालत होती. मालनच्या मुलीचा, मनस्वीचा, साखरपुडा ठरला होता. मुलगा देवरूखचा, सर्वेश नाव, बँकेत नोकरीला. पसंती कळली त्या दिवसापासून मालनचा पाय घरात एका जागी ठरत नव्हता.

तेवढ्यात देवरूखहून फोन आला. सर्वेशच्या आईला सगळ्याची हौस दांडगी.

"अंगठी घालताना हल्ली बोटांचे फोटो काढतात हो, अगदी जवळून. मनस्वीची नखं तेवढी करून घ्या. आमची वेदिका तिकडे आली की तुमच्या मारुती मंदिराकडच्या नम्रताकडे जाते. छान करते ती."

वेदिका म्हणजे सर्वेशची धाकटी बहीण.

मनस्वीला लांब नखांची कधीच आवड नव्हती. दाखले काढून देणाऱ्या केंद्रात ती कामाला होती. दिवसभर लोकांची बोटं धरून ठशासाठी यंत्राच्या काचेवर टेकवायची, मग ती बोटं कोळणीची असोत नाहीतर मास्तरांची. "आई, लांब नखांनी टाइप कसं करू मी?" तिनं विचारलं. "चार दिवसांचं काम," मालन म्हणाली, "लोकांनी प्रेमानं सांगितलंय तर मोडता घालू नकोस."

सीता बादलीतले पडदे पिळत होती. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत पांढरा डाग होता. कोड. ऐन लग्नाच्या वयात तो उमटला आणि बघायला येणारी माणसं यायची थांबली. मनस्वीला बघायला देवरूखची मंडळी आली तेव्हाही सीता मागच्या खोलीत दार लावून बसली होती. चहा मात्र तिनंच केला होता. पाहुणे यायच्या वेळी तिला आत जा म्हणून आता कुणाला सांगावं लागत नसे.

शनिवारी मालन मुलीला घेऊन नम्रताच्या पार्लरमध्ये गेली. लग्नसराईचे दिवस, बाकावर बसायला जागा नव्हती. आत गारवा, गुलाबी भिंती, कोपऱ्यात निळा दिवा लावलेली एक काचेची पेटी. "सगळं त्यात निर्जंतुक होतं हां आमच्याकडे," नम्रता येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. पण पेटी रिकामी होती. उपकरणं टेबलावरच पडलेली. मनस्वीच्या आधी खुर्चीत बसलेल्या बाईच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून जाड झालेलं तिनं पाहिलं. त्या बाईच्या बोटावरून फिरवलेली नखं घासायची कानस नम्रतानं मांडीवरच्या टॉवेलला पुसली आणि मनस्वीचा हात पुढे ओढला.

"ताई, हे धुवायचं नाही का?" मनस्वीनं विचारलं.

"अगो, बाहेर बघितलीस ना गर्दी? एकेकीसाठी धूत बसले तर वरात निघून जाईल."

अनामिकेच्या कडेची कातडी कापताना कात्री आत लागली. रक्ताचा थेंब आला. नम्रतानं त्यावर फुंकर मारली, कापूस दाबला आणि त्याच बोटावर खोटं नख चिकटवलं. मनस्वीनं आईकडे बघितलं. मालननं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

दोन-तीन दिवसांत बोट ठसठसायला लागलं. मग सुजलं, लाल झालं. कीबोर्डवर टेकवलं की डोळ्यांत पाणी यायचं. खोट्या नखाच्या कडेखालून पू दिसायला लागला तसा मालन घाबरली. तिनं नम्रताला फोन लावला.

"उष्णता असेल अंगात," नम्रता सहज म्हणाली. "घेऊन या, मी वरून दुसरं बसवून देते, कळणार पण नाही. आणि ताई, बाहेर कुणाला बोलू नका हां. मुलीचं लग्न ठरलेलं. लोक काय वाट्टेल ते अर्थ काढतात."

मालनला ते पटलं. मनस्वीला नाही. ती कामावरून परस्पर डॉक्टर पिलणकरांकडे गेली आणि तिथून तिनं आईला बोलावून घेतलं. डॉक्टरबाईंनी खोटं नख काढलं. खालचं खरं नख हिरवट होऊन सुटलेलं होतं, तेही काढावं लागलं.

"आधीच्या बाईच्या बोटावरचे जंतू त्याच कानशीनं तुझ्या जखमेत आले," त्या म्हणाल्या. "हे बरं होईल. पण रक्त आलं होतं म्हणतेस, तेव्हा काविळीची तपासणी आता करू आणि काही महिन्यांनी पुन्हा. रक्त लागलेली कात्री नुसती पुसून दुसरीला वापरली तर रक्तातली कावीळ पसरू शकते. पार्लरमधल्या त्या निळ्या दिव्याच्या पेटीवर विसंबू नकोस. उपकरणं आधी साबणानं घासायची, मग वाफेच्या यंत्रात घालायची. लाकडी, कागदी वस्तू एकीला वापरली की फेकायची."

"डॉक्टर, हे कुठं कळायला नको," मालन हात जोडून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. "ताई, या हंगामात अशी बोटं घेऊन कितीतरी मुली माझ्याकडे आल्या. आणि प्रत्येकीच्या आईनं जाताना मला हेच सांगितलं. म्हणून पुढची मुलगी येते."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मालननं बाजारातून चिकटवायच्या खोट्या नखांचं पाकीट आणलं. "अंगठी घालेपर्यंत लाव. फोटो झाला की काढून टाक."

"जखमेवर? पुन्हा पू झाला तर?"

"एका दिवसानं काय होतंय? मनू, ऐक माझं. या घरात एक हात आधीच झाकून ठेवलाय. लोकांना कळलं की आत्याला कोड आणि भाचीचं बोट सडलेलं, तर म्हणतील हे घराण्यातच आहे."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो एकदम थांबला. मालनला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द सुटून गेले होते.

"आतेचा हात झाकून आतेचं काय भलं झालं?" मनस्वी हळू आवाजात म्हणाली. "मी झाकणार नाही, आई."

दुसऱ्या दिवशी ओटीवर माणसं मावत नव्हती. मनस्वी हिरव्या साडीत बाहेर आली आणि पाटावर बसली. तिच्या अनामिकेवर पांढरीशुभ्र पट्टी होती. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. सर्वेशच्या आईनं अंगठीची डबी उघडली होती, ती तशीच हातात राहिली.

"हे काय झालंय बोटाला?"

"साधं लागलंय," मालन घाईनं म्हणाली.

"लागलं नाही," मनस्वी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून नम्रताकडे नखं करून घेतली. तिनं दुसऱ्या बाईला वापरलेली कात्री-कानस धुतली नाही. बोट पिकलं, नख काढावं लागलं. औषध चालू आहे. काविळीची पहिली तपासणी केली, काही निघालं नाही. पुढची तपासणी व्हायची आहे. हे तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून पट्टी दिसेल अशी बांधली."

ओटीवर कुजबुज पसरली. कुणीतरी 'कावीळ' म्हणालं, कुणी 'रक्तदोष'. सर्वेशच्या आईचा आवाज चढला. "म्हणजे दोष असलेली मुलगी आम्हाला देत होतात? आणि ऐकलंय ते खरं का, हिच्या आत्याच्या अंगावर पण..."

मागच्या खोलीचं दार उघडलं. सीता बाहेर आली. इतक्या वर्षांत भरल्या ओटीवर ती कधी आली नव्हती. तिनं पदराखालचा हात काढून सगळ्यांसमोर धरला.

"होय, खरं हाय. कोड हाय. ते कुणाला लागत नाय, डॉक्टरनी तेव्हाच सांगितलंनी. तरी मी आत बसले. माझ्या दादाला वाटलंन लोक हसतील. चाळीस वर्षं मी आत बसले गो बाई, पण लोक काय बोलायचे थांबले नाय. हिला मी आत बसू देणार नाय."

मनस्वीचे वडील गुरुप्रसाद भिंतीला टेकून उभे होते. जन्मभर बोटीवर काढलेला, कमी बोलणारा माणूस. ते पुढे आले, वडीलधाऱ्यांच्या रांगेतली आपली खुर्ची त्यांनी सरकवली आणि म्हणाले, "बस सीते, इथं बस." मग ते तिच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"सर्वेश आज सकाळी सलूनमध्ये दाढी करून आला असेल," मनस्वी त्याच्या आईला म्हणाली. "पातं नवं होतं का, हे विचारलंत? त्याला कुणी दोष असलेला मुलगा म्हणेल का?"

सर्वेशचा हात गालाकडे गेला. तो आईकडे बघत राहिला.

आणि तेव्हा नवऱ्याकडच्या बायकांमधून वेदिका उठली. सबंध कार्यक्रमात तिनं डाव्या हाताची मूठ वळून ठेवली होती, ती तिनं उघडली. अंगठ्याच्या नखावर काळ्या नेलपॉलिशचा जाड थर होता, आणि कडेनं कातडी सुजून चकाकत होती.

"माझं पण तिथंच झालंय," ती म्हणाली. "दोन महिने झाले. आईला माहितीय. उष्णता असेल म्हणाली. डॉक्टरकडे नेलं नाही, रंग लाव म्हणाली."

"वेदिका, गप बस!"

"किती दिवस गप बसू? दुखतंय मला!" असं म्हणून ती पोर सगळ्यांसमोर रडायला लागली.

सर्वेशच्या आईनं आजूबाजूला बघितलं. सगळ्यांच्या नजरा आता तिच्याकडे होत्या. मग तिनं आवाज एकदम मऊ केला, मालनजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "हे बघा, झालं ते झालं. दोघींचं सारखंच निघालं. आपण दोन्ही घरांनी मिळून मिटवून टाकू. ही गोष्ट या ओटीच्या बाहेर जायला नको. सर्वेश, घाल अंगठी."

सर्वेशनं अंगठी उचलली. मालनच्या डोळ्यांत आशा उभी राहिली. मनस्वीनं हात पुढं केला नाही.

"सर्वेश, तुझ्या बहिणीचं बोट दोन महिने दुखतंय. तुला माहीत होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "आई म्हणाली, बोलू नकोस."

"मग उद्या माझं काही दुखलं, तरी तू बोलणार नाहीस." ती पाटावरून उठली. "ही गोष्ट ओटीच्या बाहेर जाणार. मीच नेणार आहे. अंगठी परत ठेव."

देवरूखची गाडी जेवण न करताच गेली. मालन स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. सीता तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मालन म्हणाली, "माझं काल चुकलं." सीता म्हणाली, "वयनी, भात निवतोय. पोरीला वाढा." त्या दिवशी पहिल्यांदा सगळी माणसं एका पंगतीला बसली.

पुढच्या शनिवारी मनस्वी नम्रताच्या पार्लरच्या दारात उभी होती. सोबत वेदिका होती, आईला न विचारता देवरूखहून एसटीनं आलेली. तिच्या अंगठ्यावर आता पट्टी होती. आत बाकावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. खुर्चीत एक नवरी होती.

नम्रतानं दोघींच्या पट्ट्या पाहिल्या आणि पटकन उठून आली. "आत या ना, आतल्या खोलीत बोलू. तुम्हा दोघींचं पुढचं वर्षभर सगळं मी फुकट करते, बास?"

"इथंच बोलायचंय," मनस्वी म्हणाली, आणि तिनं पट्टी सोडली. नख नसलेलं बोट तिनं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "हे इथं झालं. हिचं पण इथंच झालं. कुणाला बोलू नका, असं या ताईंनी मला सांगितलं. तुम्हाला पण सांगितलं असेल."

"माझा धंदा बसवायला आलीस का गो?" नम्रता भडकली. "सगळ्या गावात असंच करतात! आजवर एकीनं तरी तक्रार केली का?"

"आता करतोय. उपकरणं धुवा, वाफेवर शुद्ध करा, कानस प्रत्येकीला नवी घ्या. तेवढं केलंत तर मीच लोकांना तुमच्याकडे पाठवीन. नाही केलंत तर रोज या दारात उभी राहीन. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, त्यांनाही बोट दाखवते."

 मग बाकावरच्या एका बाईनं चपलेतून पाऊल बाहेर काढलं आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. "माझं पण इथनंच," ती पुटपुटली. खुर्चीतल्या नवरीनं नम्रताच्या टेबलावरचा हात मागं घेतला. "माझ्यासमोर धुवा," ती म्हणाली. "सगळं. नाहीतर मी बिननखाची लग्नाला उभी राहते."

नम्रतानं त्या दिवशी शटर ओढून घेतलं. पुन्हा उघडलं तेव्हा आत वाफेचं यंत्र आलं होतं आणि कानशी पाकिटातून निघायला लागल्या होत्या. त्या दोन पोरींनी माझी अब्रू घालवली, असं ती अजूनही गावभर सांगते. मनस्वीच्या दुसऱ्या तपासणीतही काही निघालं नाही. वेदिकाचा अंगठा बरा झाला, फक्त नख वाकडं आलं. सर्वेशचं लग्न दुसरीकडे ठरलं. मनस्वीला अजून स्थळं येतात आणि आत्याला बघून काही परत जातात, कारण सीता आता दार लावून बसत नाही. परत जाणाऱ्यांना मालन दारापर्यंत सोडायलाही जात नाही.

सुट्टीच्या दिवशी मनस्वी आणि वेदिका गावोगावच्या बचत गटांत जातात. परवा पालीला गेल्या होत्या. शाळेच्या पडवीत बायका बसल्या होत्या. नखं करणाऱ्या थोड्या, पण लेकी-सुना पार्लरला पाठवणाऱ्या पुष्कळ. मनस्वीनं सगळं सांगितलं आणि ती खाली बसणार, तोच मागून एक म्हातारी उठली.

"मला ऐकाया कमी येतं गो बाय. माझ्या नातीचं लगीन हाय. काय म्हणलीस ता मोठ्यानं सांग."

मागच्या बायका हसल्या. एकीनं मनस्वीला हळूच सुचवलं, "दुखण्याबिखण्याचं एवढं मोठ्यानं नको बाई, रस्त्यावर ऐकू जातंय."

मनस्वी पडवीच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि आवाज चढवून तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.