दाराशी पालथा पडलेला दगड

मी एक जुना दगड आहे, आणि तोही अर्धा. एका घराच्या दाराशी पालथा पडून असतो. दार वाऱ्याने आपटू नये, एवढंच माझं काम.

मित्रांनो, माझा जन्म जमिनीच्या फार खोल पोटात झाला. तिथे खडकांच्या भेगांतून तापलेलं पाणी वर चढत होतं. त्यात गारगोटी विरघळलेली होती, आणि गंधकाचा हात धरून निघालेलं थोडंसं सोनंही. एकदा धरणी हादरली, एक भेग फाकली, दाब उतरला आणि पाणी फसफसलं. त्या गडबडीत सोन्याचा आणि गंधकाचा हात सुटला. सोनं तिथेच बसलं, पण सगळीकडे सारखं नाही. इथे चिमूटभर, पुढे हातभर काहीच नाही. त्याच्याभोवती साकळलेली पांढरी गारगोटी म्हणजे मी.

युगं लोटली. मग वरून यंत्राची पोकळ नळी आली आणि मला सळईसारखं लांबट कापून वर घेऊन गेली. खाणीतलं सोनं संपत आलं होतं. माझ्यात सापडलं तर पुढे खोदायचं, नाहीतर सगळ्यांनी गाठोडी बांधायची, असं ठरलं होतं.

दगड कापणाऱ्याने मला उभं चिरलं. माझा जुळा भाऊ तपासणीला गेला, त्याचं पीठ झालं. मी पुरावा म्हणून पेटीत राहिलो. सोन्याचा कण नेमका माझ्या वाट्याला आला होता, कापलेल्या अंगाच्या केसभर आत! तपासणीचं उत्तर आलं, काही नाही.

दगडांची पारख करणाऱ्या ताई म्हणाल्या, "साहेब, हा अर्धाही पाठवू या. सोनं असं एकसारखं नसतं."

साहेब हसले. "अहो ताई, शितावरून भाताची परीक्षा! सगळं पातेलं कशाला उपसायचं?"

अहो, मी भात नाही हो! पण दगडाला कुठलं तोंड?

खाण बंद पडली. कापणाऱ्याने आठवण म्हणून मला घरी आणलं आणि तो पोटासाठी दूरच्या शहरात गेला. एकदा त्याच्या लेकीची, ठकीची, ठेच लागून मी पायरीवरून गडगडलो. टवका उडाला, सोनं उघडं पडलं. वाटलं, आता तरी कुणी बघेल! ठकीच्या आईने टवका झाडून टाकला आणि फुटकी बाजू वाईट दिसते म्हणून खाली केली.

परवा तो सुट्टी संपवून निघाला. ठकीने त्याची पिशवी सोडली नाही.

"बाबा, इथेच राहा ना! खाण का बंद केली त्यांनी?"

"त्या दगडात काही नव्हतं गं, बाळा."

ट्रंक बाहेर काढता यावी म्हणून त्याने मला पायाने दाराशी सरकवलं. मी दार धरून राहिलो आणि तो गेला. मला फार रडू आलं.

मित्रांनो, कुणालाही 'यात काही नाही' म्हणण्याआधी एकदा हातात घ्या, उलटून बघा. मला स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही.